बाबांचा आवाज एडिट करायचाय, पण बटणं बघूनच हात थांबतो

प्रश्न: माझं वय ५१. वडील ८३ वर्षांचे. मागच्या वर्षी त्यांच्या आठवणी मी मोबाईलवर रेकॉर्ड केल्या, ११ बैठका, सगळं मिळून साधारण ७ तास. आता ते फारसं बोलत नाहीत, त्यामुळे जे आहे ते एवढंच. हे सगळं नीट एडिट करून घरातल्या सगळ्यांना ऐकायला द्यायचं ठरवलं आणि चार महिन्यांपूर्वी ऑडॅसिटी हे आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर डाउनलोड केलं. खूप व्हिडिओ बघितले, दोन वह्या भरून नोट्स काढल्या, प्रत्येक मेनूत काय आहे ते लिहून ठेवलंय. पण प्रत्यक्ष फाइल उघडली जेमतेम तीनदा. पहिल्यांदा तर ती उघडलीच नाही. शेवटच्या वेळी काहीतरी दाबलं गेलं आणि स्क्रीनवर दिसणारी बाबांच्या आवाजाची सगळी लाट सपाट झाली, मी घाबरून तसंच बंद केलं. माझ्या पुतणीने एका ॲपमध्ये टाकून दोन मिनिटांत सगळं स्वच्छ करून दिलं, पण ऐकताना ते बाबा वाटत नाहीत. आता मी एखादा नीट कोर्स लावू का, की हे काम कुणा जाणकाराला देऊन मोकळी होऊ? या वयात हे शिकायचा हट्ट चुकीचा आहे का?

उत्तर: ताई, आधी त्या सपाट झालेल्या लाटेबद्दल बोलू, कारण मला वाटतं चार महिन्यांची सगळी भीती तिथेच येऊन साठलीय.

बहुतेक झालं असं असणार की सगळा ट्रॅक, म्हणजे ती सगळी लाट, सिलेक्ट झालेला होता आणि चुकून कंट्रोल आणि एल दाबलं गेलं. ऑडॅसिटीत त्याचा अर्थ होतो, निवडलेल्या भागाच्या जागी शांतता घाल. कंट्रोल झेड दाबलं असतं तर एका क्षणात सगळं परत आलं असतं. पण ते नाही दाबलं तरी काही बिघडलेलं नाही, कारण तुम्ही फाइल ऑडॅसिटीत आणता तेव्हा ते सॉफ्टवेअर त्या आवाजाची स्वतःपुरती प्रत करून घेतं आणि सगळी कापाकापी त्या प्रतीवर होते, मोबाईलमधून आणलेली मूळ फाइल जिथे होती तिथे जशीच्या तशी पडून असते. उघडून बघा, बाबा तिथेच बोलत असतील.

मूळ फाइल खरोखर जाते ती एकाच पद्धतीने, आणि ती मी स्वतः करून बसलेय म्हणून सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ओळखीतल्या एका आजींची मुलाखत रेकॉर्ड केली होती, मागे पंख्याचा आवाज होता, तो काढायच्या नादात मी एवढा काढला की आजींचा आवाज डब्यातून आल्यासारखा झाला, आणि तेच मी त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाने एक्सपोर्ट केलं. या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का, असं कॉम्प्युटरने विचारलं होतं, मी हो म्हटलं. दुसरी प्रत नव्हती. त्या आजी आता नाहीत आणि माझ्याकडे डब्यातला आवाज आहे. म्हणून आज संध्याकाळी दुसरं काही करू नका, फक्त त्या ११ फाइल्स दोन वेगवेगळ्या ठिकाणी कॉपी करा, एक पेनड्राइव्हवर किंवा हार्डडिस्कवर आणि एक ऑनलाइन, फोल्डरला नाव द्या ‘मूळ’, आणि त्या फोल्डरमध्ये काहीही सेव्ह करायचं नाही हा नियम करा. एवढं झालं की मग कॉम्प्युटरवरच्या प्रतीशी काहीही खेळा, अगदी मुद्दाम बिघडवूनसुद्धा बघा.

आता दोन वह्यांबद्दल. ती मेहनत वाया गेली असं मी म्हणणार नाही, पण आधी सगळं सॉफ्टवेअर कळलं पाहिजे मग मी बाबांच्या फाइलला हात लावेन, हे तुम्ही मनाशी धरलंय ना, ते सोडून द्या. ऑडॅसिटी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात रॉजर डॅनेनबर्ग आणि डॉमिनिक मॅझोनी यांनी सुरू केलं, २००० मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं, आणि तेव्हापासून कितीतरी लोकांनी आपापल्या गरजेचं त्यात घातलंय. कुणाला गाणं मिक्स करायचंय, कुणाला जुन्या तबकडीची खरखर काढायचीय, कुणाला आवाजाच्या कंपनांचा अभ्यास करायचाय, सगळ्यांची हत्यारं एकाच पेटीत. एका माणसाचं बोलणं नीटनेटकं करायला त्यातलं जे लागतं ते तुमच्या वहीच्या एका पानावर मावेल, आणि ते पान नोट्स काढून भरत नाही, हाताने भरतं.

पहिल्या दिवशी फाइल उघडलीच नाही ना, त्यात तुमची चूक नव्हती. मोबाईल बऱ्याचदा एम फोर ए प्रकारची फाइल बनवतो आणि विंडोजवर ती उघडायला ऑडॅसिटीला एफएफएमपेग नावाची जोड लागते, ती एकदा वेगळी इन्स्टॉल करावी लागते. हे माहीत नसल्यामुळे पहिल्याच दिवशी कंटाळून सोडून देणारे खूप जण असतात.

फाइल उघडली की समोर जे दिसतं त्यातलं आधी तीनच जागांकडे बघा. वरती वाजवणं, थांबवणं, रेकॉर्ड करणं ही बटणं. मध्ये लाट, तोच तुमचा ट्रॅक. आणि त्या लाटेच्या डाव्या बाजूला छोटी पट्टी, तिथून तो ट्रॅक गप्प करता येतो किंवा त्याचा आवाज कमी-जास्त करता येतो. टूल्सच्या चौकोनात इंग्रजी आय सारखं दिसतं ते सिलेक्शन टूल, तुमचं नव्वद टक्के काम त्यावरच होणार. शेजारचं एन्व्हलप टूल आवाज हळूहळू चढवायला-उतरवायला असतं, ते महिनाभराने बघा. पेन्सिलसारखं जे आहे त्याला हात लावायची गरजच नाही.

आणि माऊसपेक्षा कीबोर्डवर भर द्या, हे मी आग्रहाने सांगते. स्पेस दाबलं की वाजतं, परत स्पेस दाबलं की थांबतं आणि जिथून सुरू केलं होतं तिथे परत जातं. पुष्कळांना हे परत जाणंच नको असतं, त्यांनी स्पेसऐवजी एक्स दाबायचं, मग जिथे थांबलं तिथेच कर्सर राहतो. मला ही एक्सची गोष्ट फार उशिरा कळली आणि कळल्यावर कामाचा निम्मा वैताग गेला. कंट्रोल धरून माऊसचं चाक फिरवलं की लाट जवळ येते किंवा लांब जाते, शिफ्ट धरून फिरवलं की पुढे-मागे सरकते. ऐकता ऐकता कंट्रोल एम दाबलं की त्या जागी लेबल लागतं, त्यात दोन शब्द लिहा, ‘खोकला’, ‘इथे फोन वाजला’, ‘हे फार छान’. मॅकवर यातल्या काही कीज वेगळ्या आहेत, तेवढं तपासून घ्या. आणि मेनू अचानक करडे पडून काहीच दाबलं जात नसेल तर कॉम्प्युटर बिघडलेला नसतो, आवाज वाजत किंवा रेकॉर्ड होत असताना एडिटिंगच्या बऱ्याच गोष्टी बंदच असतात, आणि जुन्या आवृत्त्यांत पॉज करूनही त्या बंद राहतात, म्हणून पॉज नाही, स्टॉप करायचं.

पहिला आठवडा फक्त ऐकायचं आणि लेबलं लावायची, काहीही कापायचं नाही. एका वेळी एकच बैठक उघडा. ऑडॅसिटी नेहमीच्या सेटिंगमध्ये एका तासाच्या मोनो, म्हणजे एकाच पट्टीच्या, आवाजाला साधारण ६३५ एमबी जागा घेतं आणि स्टिरिओला, म्हणजे डाव्या-उजव्या दोन पट्ट्यांच्या आवाजाला, दुप्पट, सातही तास एकाच प्रोजेक्टमध्ये ओतलेत तर कॉम्प्युटर रडकुंडीला येईल आणि तुम्हीही.

मग येतं कापणं, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण सगळी गंमत इथेच आहे. पूर्वी रेडिओवर टेप कापायची तर खरंखुरं ब्लेड लागायचं. स्टुडिओतली टेप बऱ्याचदा सेकंदाला ३८ सेंटीमीटर वेगाने फिरायची, म्हणजे एक उसासा काढून टाकायचा तर पंधरा-वीस सेंटीमीटर फीत हातात यायची, ती तिरकी कापून दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. तिरकी अशासाठी की एक आवाज संपता संपता दुसरा सुरू व्हावा, टक्क असा आवाज येऊ नये. आज क्रॉसफेड नावाचं जे मेनूत दिसतं ते तेच काम आहे. कात्रीचं ते चित्र बघून घाबरू नका, ब्लेडवाल्यांकडे कंट्रोल झेड नव्हतं.

कुठे कापायचं हे आपल्याला शाळेतल्या व्याकरणाने आधीच शिकवलंय. क, ट, त, प ही स्पर्श व्यंजनं, म्हणजे ती म्हणताना तोंडात हवा क्षणभर अडते आणि मग सुटते. लाट जवळ आणून बघा, ‘पायी’मधल्या प च्या आधी एक बारीकशी सपाट जागा दिसेल, सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी किंवा त्याहून कमी, आणि मग एकदम टोक. ती सपाट जागा म्हणजे कापायला देवाने ठेवलेली फट. स आणि श दाट गवतासारखे दिसतात, त्यांच्या मध्ये कापलं तर लगेच कळतं. आ, ई, ओ हे स्वर एकसारख्या नक्षीसारखे दिसतात, त्यांच्या मधोमध कापायचं नाही, कापावंच लागलं तर सिलेक्ट करून झेड दाबा, सिलेक्शनची टोकं लाट शून्यावर येते त्या जवळच्या जागेला सरकतात आणि टक्क आवाज टळतो. दोन-तीन दिवसांत तुम्हाला लाट बघून अक्षर ओळखता यायला लागेल, खरंच.

समजा बाबा म्हणतायत, “मग... मग आम्ही... तिथून पायी निघालो.” नवीन शिकणारा माणूस पहिला ‘मग’ उडवतो, दुसरी शांतता उडवतो आणि वाक्य करतो ‘मग आम्ही तिथून पायी निघालो’. व्याकरणाने छान. आता दोन्ही ऐका. पहिल्या ‘मग’मध्ये ते आठवतायत, आणि ‘आम्ही’नंतरची ती शांतता म्हणजे बहुतेक त्यांच्या डोळ्यासमोर बरोबरची माणसं आली असतील. हे काढलंत तर माहिती उरेल, बाबा उरणार नाहीत. पुतणीच्या ॲपने नेमकं हेच केलं असावं, अशी बरीच ॲप्स आपणहून शांतता आखडतात, श्वास दाबतात. तिने प्रेमाने केलं, तिला नावं ठेवू नका. पण कान तुमचा बरोबर आहे.

मग काढायचं काय? मोबाईल टेबलावर घासल्याचा आवाज, मध्येच कुणी दार वाजवलं ते, तुमचा स्वतःचा ‘हं, हं’ जो त्यांच्या शब्दावर चढलाय, तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली असेल तर ती, आणि त्यांना त्रास झालेला खोकला. एखादा खोकला राहू द्या. थांबणं फार लांबलं असेल, अगदी वीस सेकंद, तर ते चार सेकंदांवर आणा, शून्यावर नको.

आणखी एक, जे कुठल्याच मेनूत लिहिलेलं नाही. खोकला काढून त्या जागी कंट्रोल एलने कोरी शांतता घातली तर ऐकणाऱ्याला खड्ड्यात पाय पडल्यासारखं होतं, कारण खोलीला स्वतःचा आवाज असतो, पंखा, लांबची रहदारी, भिंतींचा घुमारा, आणि तो एकदम बंद झाला की कानाला लगेच कळतं. त्याऐवजी त्याच बैठकीत कुणीच बोलत नाहीये असे चार-पाच सेकंद शोधा, त्याला लेबल लावून ठेवा ‘खोली’, आणि जिथे भोक पडेल तिथे त्यातला तुकडा कॉपी करून भरा. प्रत्येक बैठकीची खोली वेगळी धरा, एकाच घरात एकाच खुर्चीत बसले असले तरी.

पंख्याचा सतत घुंईई आवाज कमी करायला नॉइज रिडक्शन आहे, ते दोन पायऱ्यांत चालतं. आधी तो ‘खोली’वाला तुकडा निवडून प्रोफाइल, म्हणजे त्या आवाजाचा नमुना, घ्यायचं, मग सगळा ट्रॅक निवडून परत तोच इफेक्ट उघडून लावायचा. सतत एकसारख्या आवाजालाच हे लागू पडतं, कुत्रा, हॉर्न, टीव्ही याला नाही. किती डेसिबल कमी करायचं तो आकडा तिथे आधीपासून लिहिलेला असतो, तो काहीही असला तरी तुम्ही ६ पासून सुरू करा. आणि तिथेच रेसिड्यू नावाचा पर्याय आहे, तो निवडून प्रिव्ह्यू ऐका, म्हणजे काय फेकलं जाणार आहे ते ऐकू येतं. त्यात नुसता पंखा असेल तर ठीक. त्यात बाबांचे शब्द पुसट का होईना ऐकू आले तर तुम्ही जास्त काढताय, आकडा खाली आणा. मग पर्याय परत रिड्यूसवर करूनच इफेक्ट लावा. आजींच्या वेळी मला रेसिड्यू माहीत असतं तर!

सेव्ह आणि एक्सपोर्ट यात मात्र गोंधळ करू नका. सेव्ह केलं की एयूपी३ नावाची प्रोजेक्ट फाइल बनते, ती फक्त ऑडॅसिटीत उघडते, भावाला पाठवलीत तर तो म्हणेल वाजत नाहीये. वाजणारी फाइल एक्सपोर्ट करून मिळते, जपून ठेवायला वेव्ह आणि पाठवायला एमपी३. आणि प्रोजेक्ट बंद केला की अनडूचा इतिहास जातो, उद्या उघडून कंट्रोल झेड मारून कालचं परत येणार नाही, म्हणून रोज नव्या नावाने सेव्ह करा, बैठक ३ दिवस १, बैठक ३ दिवस २ असं.

आता तुमचा खरा प्रश्न, कोर्स की जाणकार. कोर्स आत्ता नको, तुमच्याकडे दोन वह्यांचा कोर्स झालाय. जाणकाराला देण्यात काहीच कमीपणा नाही, आणि काही गोष्टी तर त्यालाच द्याव्यात, उदाहरणार्थ एखाद्या बैठकीत आवाज इतका मोठा रेकॉर्ड झाला असेल की लाटेची टोकं वर-खाली कापल्यासारखी चपटी दिसतायत, तर ते दुरुस्त करणं अवघड असतं, त्यात अनुभवी हात लागतो. पण बाबांचं कुठलं थांबणं ठेवायचं आणि कुठलं काढायचं हे तो ठरवू शकणार नाही. त्याने ते तुम्हालाच विचारलं पाहिजे, आणि तुम्हाला ते सांगायचं तर लेबलं लावलेली पाहिजेतच. म्हणजे पहिल्या आठवड्याचं काम दोन्ही वाटांवर तुमचंच आहे. मी तुमच्या जागी असते तर कापाकापी स्वतः केली असती आणि शेवटी सगळ्या बैठकांचा आवाज एका पातळीला आणायचं काम पुतणीला दिलं असतं, लाउडनेस नॉर्मलायझेशन नावाचा इफेक्ट आहे, मोनोला उणे १९ आणि स्टिरिओला उणे १६ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) हे आकडे बोलण्यासाठी बरेच जण वापरतात. तिलाही या कामात घेतल्यासारखं होईल.

वयाचं म्हणाल तर, या कामाला लागतो तो कान आणि धीर, आणि ५१ वर्षं ज्यांचा आवाज ऐकलाय त्यांच्या बाबतीत तुमच्यापेक्षा तयार कान कुणाचा असणार?

ज्यांची रेकॉर्डिंग अजून व्हायचीयत, कुणी आईचं करणार असेल, कुणी आजोबांचं, त्यांच्यासाठी एवढंच की अर्धं एडिटिंग रेकॉर्ड करतानाच वाचतं. पंखा बंद, मोबाईल टेबलावर नुसता न ठेवता घडी केलेल्या टॉवेलवर, तोंडापासून वीतभर-दोन वीत लांब आणि थोडा बाजूला म्हणजे प-फ चा फुत्कार थेट आदळत नाही. कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करत असाल तर मीटरवर सगळ्यात मोठा शब्द उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये यावा, शून्याला टेकायला नको. आणि सुरुवातीला अर्धा मिनिट कुणीच बोलायचं नाही, तीच तुमची ‘खोली’.

ताई, तुम्ही सुरुवात सगळ्यात महत्त्वाच्या बैठकीने करू नका, जी ऐकून सगळ्यात कमी गलबलतं ती घ्या. तिच्यातली फक्त तीन मिनिटं. हेडफोन लावून, दिवसाला पाऊण तास, त्याहून जास्त नको, थकलेला कान वाटेल ते कापतो. तीन मिनिटं झाली की बाबांना ऐकवा. त्यांच्या आठवणी आहेत, काय ठेवायचं यात त्यांचंही मत असेल, एखादं नाव त्यांना बाहेर जायला नको असेल. आणि ऐकवताना मोबाईल शेजारी रेकॉर्डिंगला लावून ठेवा. हल्ली फारसं बोलत नाहीत म्हणता, पण स्वतःचा आवाज ऐकून माणूस मध्येच म्हणतो, “नाही नाही, ते तसं नव्हतं झालं.”